एक प्रोग्राम, अनेक भाडेकरू

नवी मुंबईत नेरुळच्या सेक्टर ६ मध्ये सारसोळे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. पामबीच रस्त्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला गावाची जेट्टी आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले आणि शेते व मिठागरे यांच्या जागी सेक्टर उभे राहिले. गावठाणात मात्र घरांवर मजले चढले आणि खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. अशा कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली डोकावले तर विजेच्या मीटरांची रांग दिसते. बाहेरून येणारी वीजवाहिनी एकच, पण मीटर प्रत्येक खोलीचा वेगळा. गच्चीवरची टाकी एक, जिना एक, सांडपाण्याची नळी एक. कुलूप मात्र ज्याचे त्याचे.

काय सामायिक ठेवायचे आणि काय वेगळे, हे इमारत बांधतानाच ठरवावे लागते. नंतर बदल करायचा तर भिंती फोडाव्या लागतात. व्यापारी, बँका, दवाखाने, शाळा यांच्यासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे आज नेमका हाच प्रश्न असतो. अशा प्रोग्रामांना बहुभाडेकरू किंवा इंग्रजी शब्द वापरायचा तर ‘मल्टी-टेनंट’ म्हणतात. त्यांची रचना कशी असते, त्यांमुळे छोट्या धंद्यांची काय सोय होते आणि भिंत कच्ची राहिली तर काय होते, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

पूर्वी हिशेबाचा प्रोग्राम फ्लॉपीवर किंवा सीडीवर विकत मिळे. दुकानदार तो आपल्या संगणकावर चढवी आणि त्याची माहिती त्याच्याच टेबलाखालच्या पेटीत राही. पेटी बिघडली की माहिती गेली. नवी आवृत्ती आली की पुन्हा सीडी. आता बहुतेक प्रोग्राम दूरच्या एखाद्या संगणक केंद्रात चालतात आणि दुकानदार मोबाइलवरून किंवा संगणकावरून त्यांच्याशी बोलतो. तेथे प्रत्येक दुकानदारासाठी प्रोग्रामची वेगळी प्रत चालवायची की एकाच प्रतीत सर्वांना सामावून घ्यायचे? दुसरा मार्ग म्हणजे बहुभाडेकरू रचना.

शिक्षकांना याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक असतो; महाराष्ट्रातील शाळांचा २७ ने सुरू होतो. देशातील १४ लाखांहून अधिक शाळा एकाच प्रणालीत आपली माहिती भरतात. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्याच शाळेचे विद्यार्थी दिसतात, शेजारच्या शाळेचे दिसत नाहीत. प्रणालीच्या दृष्टीने तुमची शाळा ही एक भाडेकरू आणि युडायस क्रमांक हा तिच्या खोलीचा क्रमांक.

आता समजा, सारसोळ्यातील तीन व्यावसायिकांसाठी हिशेबाचा प्रोग्राम करायचा आहे. एकाचा मासळीसाठी बर्फ पुरवण्याचा धंदा, दुसरा महिला बचत गट जेवणाचे डबे पोहोचवतो, तिसरे हार्डवेअरचे दुकान. तिघांनाही ग्राहकांची यादी, उधारी, बिले आणि महिन्याचा ताळेबंद हवा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे तीन मार्ग आहेत. तिघांना तीन स्वतंत्र संगणक आणि तीन स्वतंत्र माहितीसाठे द्यायचे. हे झाले तीन बंगले. किंवा संगणक आणि प्रोग्राम एकच ठेवून माहितीसाठे तीन करायचे. ही झाली सदनिकांची इमारत. किंवा माहितीसाठाही एकच ठेवायचा, तिघांची बिले एकाच लांबलचक तक्त्यात लिहायची आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक जादा रकाना ठेवायचा: भाडेकरू क्रमांक.

या तिसऱ्या प्रकाराला आम्ही गिरणगावातल्या गावकीच्या खोलीची उपमा देऊ. कोकणातून आलेले गिरणी कामगार एकाच खोलीत पाळ्या लावून राहत. खोलीला भिंती नव्हत्या. प्रत्येकाची ट्रंक आणि तिचे कुलूप एवढीच खाजगी जागा. माणशी भाडे सर्वांत कमी, पण सारा भरवसा कुलपावर. तक्त्यातला भाडेकरू क्रमांकाचा रकाना हे तसले कुलूप आहे. ते किती मजबूत असते, हे वर्गात एका खेळाने दाखवता येते.

पोस्टकार्डाएवढी ३० कार्डे घ्या. प्रत्येकावर दुकान क्रमांक (१, २ किंवा ३), ग्राहकाचे नाव आणि उधारीची रक्कम लिहा. प्रत्येक दुकानाची दहा कार्डे करून सर्व पिसून ठेवा. एका विद्यार्थ्याला ‘संगणक’ करा. त्याने स्वतःची अक्कल चालवायची नाही. चिठ्ठीवर जे लिहिले असेल त्याला जुळणारी सर्व कार्डे काढून द्यायची. तीन विद्यार्थी तीन दुकानदार. पहिल्या दुकानदाराने चिठ्ठी पाठवली: ‘दुकान १, उधारी ५०० रुपयांहून जास्त असलेले ग्राहक.’ उत्तर बरोबर मिळते. दुसऱ्याने घाईत लिहिले: ‘उधारी ५०० रुपयांहून जास्त असलेले ग्राहक.’ त्याच्या हाती तिन्ही दुकानांची कार्डे पडतात. संगणकाचे काहीच चुकलेले नाही. त्याने सांगितले ते केले.

खऱ्या प्रोग्राममध्ये असे प्रश्न शेकडो ठिकाणी लिहिलेले असतात, आणि एकाही ठिकाणी दुकान क्रमांकाची अट राहून चालत नाही. शेकडो वेळा न विसरण्याचे काम माणसावर सोपवणे धोक्याचे. म्हणून खेळाच्या दुसऱ्या फेरीत संगणकाच्या पुढे एक दरवान बसवा. दुकानदारांच्या छातीवर क्रमांकाचे बिल्ले लावा. चिठ्ठी आली की दरवान बिल्ला पाहील आणि चिठ्ठीवर तो क्रमांक स्वतःच्या हाताने लिहील. चिठ्ठीत आधीच दुसरा एखादा क्रमांक लिहिलेला असला तर तो खोडून टाकील. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. मागणारा ‘मी दुकान ३’ असे सांगतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. लॉगिनच्या वेळी दिलेल्या बिल्ल्यावर ठेवायचा. संकेतस्थळाच्या पत्त्यातला एक आकडा बदलला आणि दुसऱ्याचे बिल दिसले, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा दरवानाचा अभाव असतो.

हा दरवान प्रोग्राममध्ये असू शकतो किंवा थेट माहितीसाठ्यात. पोस्टग्रेस या विनामूल्य माहितीसाठा-प्रणालीत २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ओळींवरच पहारा बसवण्याची सोय आहे. तक्त्याला एकदा नियम सांगितला की प्रश्न कसाही विचारला तरी परक्या ओळी उत्तरात येतच नाहीत. आमच्या मते छोट्या गटाने प्रोग्राम लिहायला घेतला असेल तर दोन्ही ठिकाणी दरवान बसवावा. दुहेरी पहाऱ्याने थोडा वेळ जातो. तो जाऊ द्यावा.

तिसरी फेरी अधिक मजेची आहे. संगणक झालेल्या विद्यार्थ्याला सांगा की तोच तोच प्रश्न पुन्हा आला तर कार्डे शोधत बसू नकोस, मागचे उत्तर टेबलावर ठेव आणि तेच दे. खरे संगणकही वेग वाढवण्यासाठी असेच करतात. आता दुकानदार १ ने विचारले, ‘आजची एकूण उधारी किती?’ उत्तर टेबलावर राहिले. पाठोपाठ दुकानदार २ ने तोच प्रश्न विचारला आणि त्याला दुकान १ चा आकडा मिळाला! कार्डांवर पहारा होता, टेबलावर नव्हता.

असे प्रकार मोठ्या कंपन्यांतही घडतात. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काहींना आपल्या संभाषणांच्या यादीत परक्या लोकांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली आणि ओपनएआय कंपनीला सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. दोष होता तात्पुरत्या साठवणीशी बोलणाऱ्या एका छोट्या, सर्वांना खुल्या असलेल्या साहाय्यक प्रोग्रामात. खिडकीवर अर्ज देऊन एखादा माणूस उत्तर येण्याआधी निघून जावा आणि त्याचा कागद रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात पडावा, तसे झाले होते. कंपनीच्याच निवेदनानुसार एका नऊ तासांच्या काळात सेवा वापरणाऱ्या सशुल्क सभासदांपैकी १.२ टक्के लोकांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहितीही इतरांना दिसली असण्याची शक्यता होती. माहितीसाठा शाबूत होता. गळती नळीत होती.

इतका धोका असताना लोक एकत्र का राहतात? भाडे कमी पडते म्हणून, हे उत्तर खरे आहे. पण किती कमी आणि का, हे गणिताने पाहण्यासारखे आहे.

यंत्र वाटून वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा बलाढ्य संगणक आला, तेव्हा देशातील इतर संस्थांनीही आपली गणिते त्याच्यावर करून घेतली. एकेका संस्थेला असे यंत्र घेणे शक्यच नव्हते. आज संगणक स्वस्त आहेत, तरी वाटून वापरण्याचा फायदा संपलेला नाही. तो आता गर्दीच्या चढउतारात आहे.

समजा, एका दुकानाकडून मिनिटाला सरासरी ४ प्रश्न येतात. प्रश्न अवचित येतात, म्हणून कधी २, कधी ७. संख्याशास्त्र सांगते की अशा अवचित घटनांचा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो: येथे √४, म्हणजे २. सुरक्षिततेसाठी तिप्पट चढउतार धरला तर मिनिटाला ४ + ६ = १० प्रश्न झेपतील असा संगणक हवा. अशी १०० दुकाने वेगवेगळी ठेवली तर एकूण क्षमता १००० लागते. आता शंभरही दुकाने एकत्र करू. सरासरी ४००, चढउतार √४०० म्हणजे २०, त्याची तिप्पट ६०. एकूण क्षमता ४६० पुरते. निम्म्याहून कमी! एकाची गर्दी दुसऱ्याच्या निवांत वेळात मुरते. बर्फवाल्याचे काम पहाटे, डब्यांचे दुपारी आणि हार्डवेअरचे संध्याकाळी असेल तर आणखी बरे.

पण या गणितात एक अट दडलेली आहे. दुकानांची गर्दी एकमेकांवर अवलंबून नसावी. महिन्याच्या ११ तारखेला आणि २० तारखेला ही अट मोडते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीच्या पहिल्या विवरणपत्राची मुदत ११ तारखेला आणि कर भरण्याच्या विवरणपत्राची २० तारखेला संपते, आणि शंभरही दुकाने एकाच संध्याकाळी धावत येतात. वर्गमुळाचा नियम त्या दिवशी रजेवर असतो. वरच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवताना ‘स्वतंत्र घटना’ या शब्दांचे महत्त्व पटवायला हे उदाहरण चांगले आहे.

टाकी एक असली की तळमजल्यावरचा भाडेकरू नळ सोडून जातो आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. प्रोग्राममध्येही एखादा भाडेकरू सकाळी ऐन कामाच्या वेळी पाच वर्षांचा अहवाल मागतो आणि बाकीच्यांची बिले अडकतात. यावर उपाय टोकनांचा. प्रत्येक भाडेकरूची एक डबी कल्पावी. तिच्यात सेकंदाला समजा १० टोकने पडतात, डबी ५० ला भरते. प्रत्येक प्रश्नाला एक टोकन खर्च होते. टोकने संपली की थांबायचे. क्षणभराची घाई खपते, अखंड उधळपट्टी खपत नाही. मोठे अहवाल रात्री करून ठेवणे हा साधा उपायही विसरू नये.

एकत्र राहण्याचा दुसरा मोठा फायदा दुरुस्तीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. ज्यांनी शंभर दुकानांना शंभर वेगळ्या प्रती दिल्या होत्या, त्यांना बदल शंभर ठिकाणी पोहोचवावा लागला. ज्यांची प्रत एकच होती, त्यांनी दरांचा तक्ता एकदा बदलला आणि पहाटे सर्वांची बिले नव्या दराने निघू लागली. अर्थात दर तक्त्यात लिहिले असतील तरच. प्रोग्रामच्या पोटात जागोजागी ‘१२’ असे लिहून ठेवले असेल तर एक प्रत असूनही रात्र जागून काढावी लागते.

तक्त्यांचे महत्त्व भाडेकरूंच्या आवडीनिवडीतही दिसते. बर्फवाल्याला माल लादीवर मोजायचा असतो, डबेवाल्या बचत गटाला महिन्याच्या खाड्यांवर, हार्डवेअरवाल्याला किलो, फूट आणि नग तिन्ही हवेत. एकाला बिल मराठीत हवे, दुसऱ्याला इंग्रजीत. प्रत्येक मागणी आली की प्रोग्राममध्ये ‘दुकान २ असेल तर असे करा’ अशी ओळ घालत गेले, तर वर्षभरात कोणालाच काही समजेनासे होते. त्याऐवजी मोजमापाची एकके, बिलाची भाषा, सूट देण्याचे नियम हे सर्व भाडेकरूच्या नावाने तक्त्यात ठेवावे आणि प्रोग्रामने ते वाचून वागावे. भाडेकरूने खोलीला हवा तो रंग द्यावा, हवी तेथे खुंटी ठोकावी. खांबाला हात लावू नये. हे ‘नाही’ म्हणणे धंद्यात अवघड जाते. मोठे गिऱ्हाईक खास मागणी घेऊन येते, पैसेही देऊ करते. अनेक चांगले प्रोग्राम अशाच दोन-तीन गिऱ्हाइकांपायी कुजलेले आहेत.

एका बाबतीत मात्र सामायिक साठा फारच अडचणीचा ठरतो: पुसले गेलेले परत आणणे. माहितीची राखीव प्रत रोज घेतली जाते, पण ती सर्व भाडेकरूंची मिळून असते. दुकान २ ची माहिती चुकून पुसली गेली आणि कालची प्रत जशीच्या तशी परत चढवली, तर दुकान १ आणि ३ ची आजची बिलेही नाहीशी होतील. एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीवर हीच वेळ आली. एक जुना जोडप्रोग्राम काढून टाकायचा होता. सफाईच्या आज्ञेला त्या जोडप्रोग्रामांचे क्रमांक देण्याऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण जागांचे क्रमांक दिले गेले. ५ एप्रिलला काही मिनिटांत ७७५ ग्राहकांचे कार्यस्थान पुसले गेले. राखीव प्रती होत्या. सर्व इमारत एकदम पूर्वपदावर आणण्याची तयारीही होती. पण शेजाऱ्यांना धक्का न लावता शेकडो खोल्याच तेवढ्या उभ्या करण्याची यंत्रणा नव्हती. शेवटच्या ग्राहकाची सेवा सुरू व्हायला १८ एप्रिल उजाडला. राखीव प्रत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. एकट्या आमची माहिती किती वेळात परत मिळेल, हे विचारावे लागते.

आता नेरुळहून लोकलने दोन स्थानके पुढे, बेलापूरला जाऊ. तेथे भारतीय स्टेट बँकेचे मोठे संगणक केंद्र आहे. स्टेट बँक आणि तिच्या सहयोगी बँका यांचे व्यवहार एकाच प्रकारच्या संगणक प्रणालीवर आणलेले होते. बिकानेर-जयपूर, हैदराबाद, म्हैसूर, पतियाळा आणि त्रावणकोर या पाच सहयोगी बँका १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा याचा उपयोग झाला. नकाशा सारखा असला की दोन घरे जोडणे सोपे जाते. ग्राहकांना जाणवले ते मुख्यतः शाखांचे आयएफएससी संकेतांक आणि धनादेश-पुस्तके बदलल्याचे.

स्टेट बँकेला स्वतःची इमारत परवडते. तीन-चार शाखांच्या नागरी सहकारी बँकेचे काय? अशा बँका देशात सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. पतपेढीतून वाढलेली, गावातल्या दुकानदारांना आणि मासळीवाल्यांना कर्ज देणारी बँक हा सुद्धा वाढता धंदाच आहे. तिच्या ग्राहकाला एटीएम हवे, मोबाइलवरून पैसे पाठवता यायला हवेत, कोणत्याही शाखेत पासबुक भरून मिळायला हवे. यासाठी स्वतःचे संगणक केंद्र, त्याची दुसरी राखीव जागा आणि चोवीस तास जागणारे तंत्रज्ञ ठेवायचे तर बँकेचा नफा त्यातच जाईल. म्हणून या बँका दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने राहतात. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही नागरी सहकारी बँकांसाठी अशी सामायिक सेवा घेण्याची योजना जाहीर केली. तिच्यात सुरुवातीच्या उभारणीचा खर्च रिझर्व्ह बँकेने सोसायचा होता.

सहकारी आणि ग्रामीण बँकांना अशी सेवा पुरवणाऱ्यांपैकी एक मोठी कंपनी म्हणजे सी-एज टेक्नॉलॉजीज, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांनी मिळून २००६ साली काढलेली. ३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जाहीर केले की सी-एजच्या काही यंत्रणांवर बहुधा रॅन्समवेअरचा हल्ला झाला आहे; म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामाचा. विषाणू देशभरच्या देवघेवीच्या जाळ्यात शिरू नये म्हणून कॉर्पोरेशनने सी-एजला तात्पुरते जाळ्याबाहेर काढले. त्या क्षणी तिच्या छत्राखालच्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला तपासणीनंतर जोडणी पूर्ववत झाली.

देशाच्या एकूण उलाढालीत या बँकांचा वाटा अगदी अल्प. बातमी दोन दिवसांत विरली. पण ज्या मासळीवाल्या ताईंचे खाते अशा बँकेत आहे आणि ज्यांच्या टोपलीला क्यूआरचा कागद चिकटवलेला आहे, त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी देवघेवच बंद होती. मासळी उद्यापर्यंत थांबत नाही. आणि त्यांच्या बँकेने काहीच चूक केलेली नव्हती. बँकांच्या स्वतःच्या यंत्रणांना बाधा झाली नसल्याचे कॉर्पोरेशननेही सांगितले. तरीही तोडायला जागा एकच होती, तीनशे बँकांची सामायिक नळी. म्हणून तीनशेही बँका एकदम तुटल्या. कार्डांच्या खेळात आपण भाडेकरू-भाडेकरूंमधली भिंत पाहिली. येथे ती भिंत भक्कम असूनही उपयोग नव्हता.

मग छोट्या बँकांनी पुन्हा बंगल्यात राहायला जावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. तीन शाखांच्या बँकेने स्वतःच्या हिमतीवर पहारा ठेवायचा म्हटले तर तो याहून ढिला असेल. मधला मार्ग वर्गमुळाच्या गणितातच सापडतो. आपल्या १०० दुकानांना एका इमारतीत १०० खोल्या देण्याऐवजी एकाच नकाशाच्या चार छोट्या इमारती बांधू, प्रत्येकीत २५. प्रत्येकीची वीज वेगळी, टाकी वेगळी, बाहेरची नळीही वेगळी. एका इमारतीची सरासरी १००, चढउतार १०, त्याची तिप्पट ३०. म्हणजे क्षमता १३०. चारींची मिळून ५२०. एका इमारतीत ४६० लागत होते, शंभर बंगल्यांना १०००. सुमारे १३ टक्के जादा खर्चात एका अपघाताचा फटका शंभराऐवजी पंचवीस दुकानांपुरता राहतो. विद्यार्थ्यांना दहा-दहाच्या दहा इमारतींचे गणित करायला द्यावे. √४० साठी ६.३ धरले तर ५९० च्या आसपास उत्तर येते. किती छोट्या इमारती करायच्या याचे एकच बरोबर उत्तर नाही, आणि त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा.

मोठ्या सेवांचे अभियंते अशा इमारतीला पेशी म्हणतात. पेशींचा आणखी एक उपयोग आहे. प्रोग्रामची नवी आवृत्ती आधी एकाच पेशीत चढवता येते; दोन दिवस तेथे तक्रार आली नाही तर पुढच्या पेशीत. पण नळी आणि किल्ल्या खरोखर वेगळ्या असल्या पाहिजेत. चारही इमारतींच्या किल्ल्या एकाच पहारेकऱ्याच्या एकाच जुडग्यात असतील तर चोराला जुडगा पुरतो.

पेशींमुळे वाढत्या धंद्याचीही सोय होते. आपला डबेवाला बचत गट वाढला, नेरुळबरोबर वाशी-बेलापुरातही स्वयंपाकघरे निघाली आणि एकटा तो पंचवीस दुकानांएवढे काम मागू लागला, तर त्याला स्वतंत्र पेशीत हलवायचे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक ओळीवर भाडेकरू क्रमांक असेल तर त्याच्या ओळी निवडून उचलणे सोपे असते. रात्री त्या नव्या जागी नकलायच्या, मोजून पडताळायच्या, आणि ‘भाडेकरू २ कोठे राहतो’ हे लिहिलेल्या छोट्याशा सूचीतला एक पत्ता बदलायचा. सकाळी डब्यांचा हिशेब लिहिणाऱ्या बाईंना आपण घर बदलले आहे हे कळतही नाही. जुन्या जागेतल्या ओळी मात्र लगेच पुसू नयेत. महिनाभर तशाच ठेवून मग, क्रमांक दोनदा वाचून, पुसाव्यात.